फोनमधल्या सर्टिफिकेटच्या सेटिंगला किती स्टार? सांगलीच्या टॅक्स ऑफिसातून एक रिव्ह्यू

कॅमेऱ्याचे रिव्ह्यू पडलेत ढिगानं, बॅटरीचे पडलेत, कव्हरचे सुद्धा पडलेत, पण सिक्युरिटीच्या मेनूत पार तळाला एक सर्टिफिकेटचं, म्हणजे समोरची साइट, वाय-फाय किंवा माणूस खराच तो आहे हे पटवणाऱ्या डिजिटल ओळखपत्रांचं, खातं असतं त्याच्याबद्दल मराठीत कोण काय लिहीत नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहू. मी विश्रामबागला एका टॅक्स कन्सल्टंटकडे कामाला आहे, जीएसटी, आयकर, कंपन्यांची रिटर्नं, टेंडरची कागदं असलं सगळं आमच्याकडं चालतं. ऑफिसनं वाय-फायला आणि घरून सर्व्हरला जोडायला पासवर्ड बंद करून सर्टिफिकेट चालू केलं तेव्हापासून सगळ्या स्टाफच्या फोनमध्ये ते बसवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. वर क्लायंट येतात ते पण "ताई, तेवढं फोनचं बघा की जरा" म्हणून फोन पुढं सरकवतात. त्यामुळं बऱ्याच कंपन्यांचे फोन हाताखालून गेलेत. अँड्रॉइडचं जास्त लिहितेय, आयफोनचं थोडंच, कारण आमच्याकडं आयफोनवाले कमी.

आधी स्टार सांगून टाकते, 5 पैकी साडेतीन. सुरक्षेला पूर्ण मार्क, मार्क कापलेत ते सांगण्याच्या पद्धतीचे, आणि एक्स्पायरी डेटचे तर मी रागानं कापलेत, ते पुढं येईलच.

हे खातं सापडतं कुठं हाच पहिला ताप. साध्या अँड्रॉइडवर सेटिंग्ज, मग सिक्युरिटी अँड प्रायव्हसी, मग मोअर सिक्युरिटी, मग एन्क्रिप्शन अँड क्रेडेन्शियल्स असं आत आत जावं लागतं. सॅमसंगला त्याचंच नाव व्ह्यू सिक्युरिटी सर्टिफिकेट्स. बाकीच्यांनी आपापल्या मर्जीनं कुठं कुठं टाकलंय, आणि अपडेट आला की परत जागा बदलते. मी आता कुणाला रस्ता सांगतच नाही, सेटिंग्जच्या वरच्या सर्चमध्ये इंग्रजीत क्रेडेन्शियल किंवा सर्टिफिकेट टाइप करा, येईल समोर, विषय संपला.

आत गेल्यावर ट्रस्टेड क्रेडेन्शियल्स म्हणून एक यादी उघडते, तिला वर दोन टॅब, सिस्टिम आणि युजर. सिस्टिमच्या टॅबमध्ये शंभरावर नावं असतात, डिजीसर्ट, ग्लोबलसाइन, अ‍ॅमेझॉन, असली. पहिल्यांदा बघणारा माणूस दचकतोच, की एवढी परकी नावं माझ्या फोनात कोणी घातली. तर ती कंपनीकडूनच येतात आणि ती पाहिजेतच. मार्केट यार्डात नवा व्यापारी आला की त्याला कोण ओळखत नसतं, पण एखादा जुना अडत्या म्हणाला की माझ्या ओळखीचा आहे तर सौदा होतो, तसं हे आहे. तुम्ही बँकेची साइट उघडता तेव्हा ती साइट आपलं सर्टिफिकेट दाखवते, फोन बघतो की याला ओळखतो म्हणणारा वरचा कोण आहे, आणि तो वरचा या यादीत असला तरच पान मुकाट उघडतं. नसला की ते लाल त्रिकोणाचं पान, युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट.

आता या जुन्या अडत्यांपैकीच एखादा फुटला तर काय, हा प्रश्न आमच्या सरांनी मला विचारला होता आणि प्रश्न बरोबर आहे. तसं झालेलं आहे. 2011 साली नेदरलँड्समधल्या डिजिनोटार नावाच्या कंपनीत हॅकर घुसले, तिच्या नावानं पाचशेच्या वर खोटी सर्टिफिकेटं निघाली, त्यातलं गुगलच्या नावाचं इराणमधल्या लोकांच्या जीमेलवर डोळा ठेवायला वापरलं गेलं. सगळ्या ब्राउझरवाल्यांनी त्या कंपनीला यादीतून काढलं आणि कंपनीचं महिन्याभरात दिवाळं निघालं. आपल्याकडं पण 2014 च्या जुलैत एनआयसीच्या, म्हणजे सरकारच्या कॉम्प्युटर खात्याच्या, सर्टिफिकेट देणाऱ्या यंत्रणेतून गुगलच्या आणि याहूच्या डोमेनची नको ती सर्टिफिकेटं बाहेर पडली होती. सीसीएनं, म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्यांवर देखरेख ठेवणारे आयटी कायद्याखालचे कंट्रोलर, त्यांनी लगेच एनआयसीची ती सर्टिफिकेटं रद्द केली. त्यावेळी अँड्रॉइड फोनांना काही झालं नाही कारण अँड्रॉइडच्या यादीत आपल्या सीसीएचं रूट सर्टिफिकेट, म्हणजे त्या वरच्या अडत्याचं स्वतःचं सर्टिफिकेट, नव्हतंच, विंडोजच्या यादीत होतं. म्हणजे यादीत कोण आहे आणि कोण नाही याला एवढा अर्थ आहे.

बऱ्याच फोनवर सिस्टिमच्या प्रत्येक नावापुढं बंद-चालूचं बटण असतं. त्याला हात लावू नका. आमच्या ऑफिसातल्या एका पोरानं कुठला तरी व्हिडिओ बघून परदेशी नावं दिसतील तेवढी बंद केली, मग त्याचं अर्धं इंटरनेट बंद, आणि हा तिकडं सिम कार्डवाल्याशी भांडतोय. अँड्रॉइड 14 पासून ही यादी गुगल प्लेच्या सिस्टिम अपडेटमधून बदलता येते, फोन कंपनीच्या मोठ्या अपडेटची वाट बघत बसावं लागत नाही, ही सुधारणा मला मनापासून आवडली कारण आपल्याकडं लोक पाच-सहा वर्षं फोन वापरतात आणि कंपन्या मोठे अपडेट द्यायला कधी हात आखडतील सांगता येत नाही.

खरी गोष्ट आहे ती युजरच्या टॅबची. एवढा लांबलचक रिव्ह्यू वाचायचा कंटाळा आला असेल तर एवढं एकच करा, तो टॅब उघडा. रिकामा असला तर उत्तम, फोन खिशात टाका. रिकामा नसला तर त्यात जे नाव आहे ते कोणी घातलं याचं उत्तर तुमच्याकडं पाहिजे. ऑफिसनं दिलंय, कॉलेजनं दिलंय, ठीक. उत्तर नसेल तर ते तिथं राहता कामा नये.

हे मी पुस्तकी बोलत नाही. आमचे एक क्लायंट आहेत, हळदीचे व्यापारी, सगळे आण्णाच म्हणतात त्यांना. ते आले होते रिटर्नच्या कामाला, ओटीपी येईना म्हणून फोन माझ्या हातात. नोटिफिकेशन खाली ओढलं तर तिथं सूचना, की नेटवर्कवर कोणीतरी लक्ष ठेवत असू शकतं. मी म्हटलं, "आण्णा, हे कधीपासून येतंय?"

"ते होय, ते येतंयच की रोज. मला वाटलं कंपनीची जाहिरात आहे."

"फोनमध्ये कुणी काय टाकून दिलंय का?"

"पुतण्यानं जाहिराती बंद करायचं काहीतरी टाकलंय बघा. लय भारी आहे, एक जाहिरात येत नाही."

युजर टॅब उघडला तर तिथं त्या जाहिरात-बंद ॲपचं सर्टिफिकेट बसलेलं. आता यात पुतण्याचा काही वाईट हेतू नव्हता, असल्या काही ॲपना कुलूपबंद पानांच्या आतल्या जाहिराती गाळायच्या असतात तर ते पान मध्येच उघडून बघावं लागतं, आणि त्यासाठी ते स्वतःचं सर्टिफिकेट बसवायला सांगतात. पण त्याचा अर्थ असा की आण्णा क्रोममध्ये जे काही उघडतील, त्यातलं ते ॲप वाचू शकतं, आणि क्रोम काही कुरकुर करणार नाही कारण क्रोम युजर टॅबमधल्या नावांवरही विश्वास ठेवतो. मी हे सगळं सांगितल्यावर आण्णांनी एकच विचारलं, "म्हणजे माझा भाव दुसऱ्याला कळतोय का?" मी म्हटलं कळायची सोय आहे, कळतोय का ते त्या ॲपवाल्यालाच ठाऊक. "काढा मग ते, जाहिराती बघू आम्ही." नावावर टॅप, खाली काढून टाकायचं बटण, झालं. दहा सेकंदाचं काम.

बँकेच्या ॲपचं काय, असं लगेच विचारतात सगळे. तर त्यात अँड्रॉइडनं 2016 ला, म्हणजे अँड्रॉइड 7 आलं तेव्हा, एक फार शहाणपणाचं काम करून ठेवलंय. तेव्हापासूनच्या हिशोबानं बनवलेली ॲपं युजर टॅबमधल्या सर्टिफिकेटला आपणहून मानतच नाहीत, ॲप बनवणाऱ्यानं मुद्दाम परवानगी दिली तरच. म्हणून आण्णांच्या फोनवर बँकेचं ॲप आपलं वेगळं सुरक्षित चालू होतं, धोका ब्राउझरमध्ये होता. तरीपण ब्राउझरमधून नेट बँकिंग करणारे आमच्याकडं कितीतरी आहेत, वयस्कर लोक तर ॲपपेक्षा तेच बरं म्हणतात. आणि पूर्वी आपण सांगायचो ना, पत्त्याच्या पट्टीत कुलूप दिसलं की पान सुरक्षित, ते 2023 मध्ये क्रोमनं कुलपाचं चित्रच काढून टाकलं, कारण लोक कुलूप म्हणजे साइट चांगली असं समजायला लागले होते, आणि फसवणूकवाल्यांच्या साइटला पण कुलूप असतंच.

बसवायची पद्धत आता कडक केलीय आणि ती मला पटते. आधी कुठलंही ॲप किंवा वेबसाइट एक खिडकी पुढं आणायची आणि ओके ओके करत माणूस रूट सर्टिफिकेट बसवून मोकळा. अँड्रॉइड 11 पासून ते बंद. आता ॲप स्वतः बसवू शकत नाही, तुम्हालाच सेटिंग्जमध्ये जाऊन इन्स्टॉल अ सर्टिफिकेट, त्यात सीए सर्टिफिकेट (सीए म्हणजे सर्टिफिकेट देणारी संस्था, तोच आपला अडत्या) असं निवडावं लागतं. मग एक इशाऱ्याचं पान येतं, युवर डेटा वोन्ट बी प्रायव्हेट, त्यात बसवू नका हे एक बटण आणि तरीही बसवा हे दुसरं. फोनला पिन नसेल तर आधी पिन लावायला लावतो. म्हणजे फोनवरून कुणी "सर, आमच्या ट्रेडिंगच्या पोर्टलसाठी हे सर्टिफिकेट बसवा, सेटिंग्जमध्ये जा, आता खाली या, आता इन्स्टॉल एनीवे दाबा" असं पायरी पायरीनं सांगायला लागला तर तुम्हाला थांबायला भरपूर जागा आहे. थांबा. कुठल्याही बँकेला, ब्रोकरला, वीज बिलवाल्याला तुमच्या फोनात सीए सर्टिफिकेट घालायची गरज नसते. आणि व्हॉट्सॲपवर सर्टिफिकेट म्हणून येणारी फाइल जर डॉट एपीकेनं संपत असेल तर ते सर्टिफिकेट नाहीच, ते ॲप आहे, सरळ उडवा. खऱ्या सर्टिफिकेटच्या फाइली सीईआर, सीआरटी, पीईएम नाहीतर पी12, पीएफएक्स अशा संपतात.

आता तक्रारी. पी12 ही फाइल म्हणजे तुमचं स्वतःचं सर्टिफिकेट आणि त्याची गुप्त किल्ली एकत्र, तिला पासवर्ड असतो. ऑफिसनं ईमेलवर पाठवली, पासवर्ड वेगळा फोनवर सांगितला, इथपर्यंत छान. फाइल उघडली की फोन विचारतो हे कशासाठी वापरणार, व्हीपीएन अँड ॲप युजर सर्टिफिकेट की वाय-फाय सर्टिफिकेट. व्हीपीएन म्हणजे घरून ऑफिसच्या सर्व्हरला जोडायची सुरक्षित वाट. बघायला साधा प्रश्न. पण व्हीपीएनवाल्या खान्यात टाकलेलं सर्टिफिकेट वाय-फायच्या पानावर दिसतच नाही! तिथली यादी रिकामी. मग पोरं मला फोन करतात, "मॅडम, बसलं म्हणतोय पण दिसत नाही." एक ओळ लिहिली असती ना तिथं, की वाय-फायसाठी हवं असेल तर दुसरा पर्याय निवडा, इथलं तिकडं दिसणार नाही, तर सगळ्यांचा वेळ वाचला असता. दोन्हीसाठी पाहिजे असेल तर तीच फाइल दोनदा बसवायची, असला कारभार.

वाय-फायचं पान स्वतःच एक परीक्षा आहे. माझी भाची इंजिनिअरिंगला आहे, तिच्या कॉलेजच्या वाय-फायसाठी भिंतीवर एक सूचनेचा कागद लावलाय, त्यात लिहिलंय की सीए सर्टिफिकेटच्या जागी डू नॉट व्हॅलिडेट निवडा. आता अँड्रॉइड 11 नंतर हळूहळू तो पर्यायच फोनांवरून गेला. पोरं यादी वर-खाली करून दमली, पर्याय सापडेना, शेवटी सगळी हॉटस्पॉटवर. तिनं मला फोन लावला, "मावशी, कॉलेजचा कागद बरोबर की फोन बरोबर?" म्हटलं फोन बरोबर. व्हॅलिडेट करू नको म्हणजे समोरचं वाय-फाय खरंच कॉलेजचं आहे का ते तपासू नको, त्याच नावाचं खोटं वाय-फाय कोणी कँटीनमध्ये चालू केलं तर तुझा आयडी पासवर्ड त्याच्याकडं जाईल. आता तिथं यूज सिस्टिम सर्टिफिकेट्स निवडायचं, किंवा कॉलेजनं स्वतःचं दिलेलं असेल तर ते, आणि खाली डोमेन म्हणून रकाना असतो तो भरायचा. तो रिकामा ठेवला की सेव्हचं बटण उजळतच नाही, आणि का उजळत नाही ते फोन सांगत नाही. डोमेन काय टाकायचं ते फक्त कॉलेजच्या आयटीवाल्यालाच माहीत असतं आणि तो जेवायला गेलेला असतो. अँड्रॉइड 13 मध्ये ट्रस्ट ऑन फर्स्ट यूज असा पर्याय आलाय, पहिल्यांदा जोडताना जे सर्टिफिकेट दिसेल ते दाखवून विचारतो आणि पुढं तेच धरून बसतो. काहीच न तपासण्यापेक्षा शंभर पटीनं बरं, फक्त पहिल्यांदा जोडताना आपण खरंच कॉलेजात आहोत ना एवढं बघायचं.

आणि ती एक्स्पायरी डेट. मी जे सर्टिफिकेट बसवलंय, माझं स्वतःचं, त्याच्या नावावर माझ्या फोनवर टॅप केलं तर खिडकी येते, की यात एक युजर की आहे, एक युजर सर्टिफिकेट आहे, एक सीए सर्टिफिकेट आहे. बरं. कधी संपणार? ते नाही लिहिलेलं. सिस्टिमच्या यादीतल्या, ज्याच्याशी माझं काही देणंघेणं नाही असल्या परदेशी सर्टिफिकेटची तारीख, सिरीयल नंबर, फिंगरप्रिंट सगळं दाखवतो, आणि माझ्या कामाच्या सर्टिफिकेटची तारीख दाखवत नाही. आधी आठवण करून द्यायची तर गोष्टच सोडा. दुधाच्या पिशवीवर तारीख असते हो. रिटर्नच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री आमच्यातल्या एकीचं सर्टिफिकेट संपलं आणि घरून सर्व्हर लागेना, फोन नुसता कनेक्शन फेल्ड म्हणतोय, कारण सांगत नाही. तेव्हापासून मी एक्सेलमध्ये सगळ्यांच्या तारखा ठेवल्यात आणि कॅलेंडरला पंधरा दिवस आधीची आठवण लावलीय. बसवताना नाव द्यायला सांगतो ना, तिथं नुसतं ऑफिस असं न टाकता ऑफिस मार्च 27 असं महिना-साल टाकून द्या, यादीत नाव दिसलं की तारीख दिसली.

संपलेल्या तारखेवरून आठवलं. फोनची स्वतःची तारीख चुकली असेल तर सगळं जग खोटं दिसतं. रिपेअरवाल्याकडून फोन आला, किंवा बॅटरी पूर्ण मेली आणि फोन दोन-चार वर्षं मागं गेला, की प्रत्येक साइटवर ते लाल पान, कारण फोनच्या हिशोबानं त्या साइटचं सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलेलं नाही. मारुती रोडवरच्या दुकानातून फोन दुरुस्त करून आणलेली एक बाई आमच्याकडं "हॅक झालाय" म्हणून रडकुंडीला येऊन बसली होती. तारीख-वेळ ऑटोमॅटिक केली, सगळं ठीक. फोन फॉरमॅट मारायच्या आधी घड्याळ बघा.

तारीख बरोबर आहे, नेट आहे, तरी ठराविक साइट उघडत नाहीत, आणि फोन लय जुना आहे, असं असेल तर मग प्रकरण वेगळं. लेट्स एन्क्रिप्ट नावाची संस्था फुकटात सर्टिफिकेट देते आणि जगातल्या लाखो साइट तिच्यावर चालतात. तिचं स्वतःचं रूट सर्टिफिकेट अँड्रॉइड 7.1.1 च्या आधीच्या फोनांत नाहीच. जुन्या दुसऱ्या एका रूटच्या आधारावर त्यांनी ते फोन चालवून घेतले, त्या रूटची मुदत 30 सप्टेंबर 2021 ला संपल्यावरही एक जुगाड करून पुढं ढकललं, पण सप्टेंबर 2024 ला तोही आधार संपला. गावाकडं शेतात गाणी ऐकायला ठेवलेले असले फोन अजून आहेत. त्यांच्यावर बँकेचं काही करू नका एवढंच सांगेन, सर्टिफिकेटच्या पलीकडंही त्यांच्यात सुरक्षेची भोकं भरपूर असतात.

आता आमच्या धंद्यातला रोजचा सवाल. "ताई, माझं डिजिटल सिग्नेचरचं सर्टिफिकेट फोनमध्येच टाकून द्या ना, तो पेन ड्राइव्ह कशाला सांभाळायचा." नाही हो आण्णा, नाही काका, ते तसं होत नाही. डीएससी म्हणजे क्लास 3 चं सर्टिफिकेट, क्लास 2 तर 1 जानेवारी 2021 पासून बंदच झालं. त्याची किल्ली त्या यूएसबी टोकनच्या आत तयार होते आणि बाहेर निघतच नाही, कॉपी पण होत नाही, मुद्दामच तशी बनवलीय. फोनमधल्या या खात्याचा आणि त्याचा संबंध नाही. टेंडर भरायला, कंपनीचं जीएसटी रिटर्न भरायला ते टोकन आणि कॉम्प्युटर लागणारच. तुम्ही एकटे मालक असाल तर जीएसटीला ओटीपीवर काम होतं, कंपनी किंवा एलएलपी असेल तर डीएससी सक्तीचं. फोनवरून सही करायची ज्यांना हौस आहे त्यांना आधारचं ई-साइन आहे, ओटीपी टाकला की तुमच्या नावाचं सर्टिफिकेट तिकडं सर्व्हरवर तयार होतं, सही होते आणि अर्ध्या तासात ते सर्टिफिकेट संपतं पण. सांभाळायचा प्रश्नच नाही. मला तर ही पद्धत फार आवडते, पण सगळीकडं चालत नाही हे दुखणं.

जाता जाता एक, आमच्याच लाइनीला झोंबणारं. कुठल्याही टॅक्सवाल्याच्या टेबलाचा ड्रॉवर उघडा, टोकनांचा ढीग असतो, प्रत्येकाला क्लायंटच्या नावाची चिकटपट्टी आणि कित्येकांच्या चिकटपट्टीवर पिन सुद्धा. आयटी कायद्याच्या कलम 42 मध्ये स्पष्ट आहे की ती किल्ली ताब्यात ठेवायची जबाबदारी ज्याच्या नावाचं सर्टिफिकेट आहे त्याची. कुपवाड एमआयडीसीतला कारखानदार गेटवर तीन वॉचमन ठेवतो आणि आपल्या सहीचं टोकन पिनसकट दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये वर्षानुवर्षं ठेवतो, आणि फोनच्या सिक्युरिटीबद्दल मला विचारतो. आमच्या सरांना मी सांगून सांगून निदान पिनच्या पट्ट्या काढायला लावल्यात.

आयफोनबद्दल. तिथं सर्टिफिकेट प्रोफाइल म्हणून येतं. डाउनलोड केल्यावर सेटिंग्जमध्ये जाऊन इन्स्टॉल करावं लागतं आणि ते आठ मिनिटांच्या आत, नाहीतर आपोआप पुसलं जातं. हे माहीत नसलं की माणूस चहा प्यायला जातो आणि येऊन बघतो तर प्रोफाइल गायब. रूट सर्टिफिकेट असेल तर बसवून पण भागत नाही, जनरल, अबाउट, आणि पार खाली सर्टिफिकेट ट्रस्ट सेटिंग्जमध्ये जाऊन त्याचं बटण वेगळं चालू करावं लागतं. दोन दारं केलीत, चांगलंच केलंय. काय काय बसलंय ते व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंटमध्ये एका जागी दिसतं, प्रोफाइल उघडून आत गेलं की सर्टिफिकेट संपायची तारीख सुद्धा दिसते, तिथं अँड्रॉइडपेक्षा आयफोनला अर्धा स्टार जास्त. पण कंपनीनं दिलेल्या यादीतलं एखादं नाव मला बंद करायचं असेल तर आयफोन करू देत नाही.

शेवटचं, फोन बदलणाऱ्यांसाठी, कारण दिवाळीत एक्सचेंजच्या ऑफर आल्या की हे हमखास होतं. नव्या फोनवर बॅकअप घेतला की फोटो येतात, कॉन्टॅक्ट येतात, व्हॉट्सॲप येतं, पण तुमचं हे सर्टिफिकेट येत नाही. किल्ली जुन्या फोनच्या आत बंद असते आणि तिनं बाहेर यायचंच नसतं. म्हणजे ऑफिसकडून नवीन फाइल मागावी लागते. ईमेलमध्ये पडलेली जुनी पी12 फाइल परत वापरून चालेल खरं, पण ती फाइल तिथं पडलीय हेच मुळात बरोबर नाही, बसवून झाली की ईमेलमधून आणि डाउनलोड्समधून दोन्हीकडून काढायची असते. जुना फोन दुकानदाराच्या हातात द्यायच्या आधी फॅक्टरी रीसेट मारा, नुसतं क्लिअर क्रेडेन्शियल्स दाबून भागणार नाही. ते बटण घरात चालू फोनवर उगाच दाबायचं पण नाही, तुम्ही बसवलेली सगळी सर्टिफिकेटं एका झटक्यात जातात आणि परत आणायची सोय नाही. फोन हरवला किंवा चोरीला गेला तर सिम बंद करायला जसा फोन लावता तसाच ऑफिसच्या आयटीवाल्याला पण लावा आणि जुनं सर्टिफिकेट रद्द करा म्हणून सांगा, त्याच्याकडं त्याचं बटण असतं. आमच्याकडं ते बटण माझ्याकडं आहे, रात्री अकराला फोन केला तरी चालेल, फक्त आधी स्वतःचं नाव सांगा, नुसतं "मॅडम माझा फोन गेला" म्हटलं की मला कुणाचं सर्टिफिकेट बंद करायचं तेच कळत नाही.